हरीकाकाचं माप

ज्यांना हे सांगायला हवं त्यांतला एक माझ्याच घरात राहतो, आणि दुसरा अंगणापलीकडच्या घरात. त्या दोघांना सोडून मी हे तुम्हाला सांगतोय. यातच माझा भित्रेपणा तुम्हाला दिसेल. दिसू दे. तोंडातून हे कधी बाहेर पडलेलं नाही. आईसमोर एकदा जवळजवळ पडलं होतं — पण ती भात उतरवायला उठली आणि मी गप्प बसलो. ती उठली नसती तर बोललो असतो का? माहीत नाही. बहुतेक नाही.

गोष्ट तशी छोटी आहे. एका कुर्ता-पायजम्याची. सुती, छापील, पुरुषांचा. फिकट पिवळ्या कापडावर निळी बारीक पानं, आणि खाली साधा पांढरा पायजमा. ताईच्या हळदीसाठी घेतलेला. हे वाचून तुम्हाला वाटेल, कपड्याचं काय एवढं?

आमच्याकडे आहे. पनवेल-उरणकडच्या आमच्या गावांमध्ये लग्नापेक्षा हळद मोठी असते. बॅन्जो असतो, मटण असतं, अख्खं गाव असतं. आणि हल्ली काही वर्षांपासून भावकीतल्या सगळ्या पुरुषांना एकाच कापडाचे कुर्ते असतात. आम्ही त्याला नुसतं ‘सेट’ म्हणतो. कुणाच्या अंगावर सेट आहे हे बघून पाहुण्यांना कळतं की घरचा माणूस कोण. सेट लग्नघरातून येतो. बायका नारळ आणि हळदकुंकू घेऊन घरोघरी नेऊन देतात. आणि सेट मागायचा नसतो. मागून घेतला तर तो मान कसला? न आलेल्या माणसाने विचारायचं नसतं, आणि नको म्हटलेल्याला परत आग्रह करायचा नसतो. हे कुणी शिकवत नाही. आम्हाला ते माहीत असतं.

हे आधी सांगितलं, कारण हे नसतं तर माझं खोटं एका दिवसात उघडं पडलं असतं.

आता काकाबद्दल सांगतो. हरीकाका म्हणजे माझ्या बाबांचा धाकटा भाऊ. बाबा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतात, चार-चार दिवस घरी नसतात. त्यामुळे माझं लहानपण बरंचसं काकाच्या मागे मागे गेलं. काका कंटेनर यार्डात फोर्कलिफ्ट चालवतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. मी बारावी झालो तेव्हा जातीच्या दाखल्यासाठी तहसीलच्या रांगेत कोण उभं होतं? काका. यार्डातून सुट्टी घेऊन. कॉलेजच्या ऑफिसात बाईंनी विचारलं, “पालक कोण?” तर काकाने माझ्याकडे बघितलं, मग म्हणाला, “सध्या मीच हाय.” बाहेर आल्यावर त्याने मला वडापाव घेऊन दिला आणि म्हणाला, “आता तू आमच्यात शिकलेला. आता तू सांगशील ते आमी आयकनार.” गंमतीने म्हणाला होता. पण पुढे तसंच झालं. घरात कुठला मेसेज आला, बँकेचं काही आलं, लाइटबिलाचा घोळ झाला — ‘त्याला विचारा.’ मी सांगेन ते खरं.

आणि एक गोष्ट. माझं आणि काकाचं माप एकच आहे. अकरावीत मी एकदम उंच झालो तेव्हापासून. खांदे तेच, बाही तीच. काका दुकानात शर्ट घेताना स्वतःच्या अंगाला लावून बघायचा आणि दोन घ्यायचा. एक त्याला, एक मला. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी घातलेला शर्ट काकाच्या अंगावर मापलेला होता.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी पहिल्या वर्षाला होतो. सेटचं काम माझ्याकडे आलं. कापड ताईने पसंत केलं. ती म्हणाली, “हळदीचा डाग पडला तरी दिसायला नको.” मी भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी आपापलं माप कळवा. भराभर मेसेज आले. एका चुलतआजोबांनी स्वतःचा फोटोच टाकला — ‘बघून घे.’ कुणीतरी खाली लिहिलं, ‘तंबू शिवा.’ बरेच हसले. मी आलेली सगळी मापं पनवेलच्या दुकानात पाठवली आणि ऑर्डर दिली. व्यवस्थित काम केलं असं मला वाटलं. वाटलं म्हणजे — अभिमानच वाटला.

काकाकडे साधा बटणांचा फोन आहे. तो ग्रुपवर नाही.

तसं बघितलं तर तो ग्रुपवर असायची गरजच नव्हती. त्याचं माप मला पाठ होतं. आणि म्हणूनच तो राहिला. लांबच्या लांब माणसांची मापं मी विचारून घेतली, आणि ज्याचं विचारावं लागणार नव्हतं तोच सुटला. इथपर्यंत मी विसरलो होतो. हे मी शपथेवर सांगतो. पण विसरलो हे मला सांगायचंच नाहीये. विसरण्यासाठी कुणी तीन वर्षं तोंड लपवत नाही.

हळदीच्या आदल्या दुपारी मी गठ्ठा घेऊन आलो. आईने खाटेवर घराघरांचे ढीग लावले. ह्या घरचे, त्या घरचे. मावशी होती, दोन चुलत्या होत्या, बाबा दारात बसले होते. आई मधेच थांबली आणि म्हणाली, “हरीभावजींचा कुठाय?”

पिशवीत नव्हता. मला तेव्हाच, त्या क्षणी कळलं. सगळे माझ्याकडे बघत होते. कसे? रागाने नाही हो. ‘हा सांगेल’ अशा नजरेने. आणि मला ‘विसरलो’ म्हणता आलं नाही. साधा शब्द आहे. बाबा दिवसातून दहा वेळा म्हणतात, डबा विसरलो, चावी विसरलो. मला का म्हणता आलं नाही? शिकलेला माणूस विसरत नाही, असं काही होतं का माझ्या डोक्यात? काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी म्हणालो —

“काका नको म्हणाले.”

 त्याच महिन्यात बाबांचं आणि काकाचं जरा वाजलं होतं. खाडीकडच्या जमिनीचा एक तुकडा आहे, तो द्यायचा की ठेवायचा यावरून. भांडण मोठं नव्हतं. दोघं रात्रीचं एकत्रच जेवले होते. पण माझं वाक्य बरोबर त्या जागी जाऊन बसलं. चुलती म्हणाली, “बघा, म्हंजी राग हाय अजून.” आईने मला विचारलं, “असं म्हणाले? तू तुझ्या कानांनी ऐकलंस?”

मी म्हणालो, “हो.”

एवढ्यावर थांबलं असतं तरी — नाही, तरीही वाईटच होतं. पण थांबलं नाही.

 बाबा चप्पल पायाने पुढे-मागे करत म्हणाले, “जा. एकदा परत इचार त्याला. म्हनावं, दादा इचारतोय.” आमच्याकडे असा आग्रह करायचा नसतो हे मी वर सांगितलं. बाबांनी ते मोडलं. भावासाठी मोडलं. माझ्यासमोर दार उघडून ठेवल्यासारखं होतं ते. मी बाहेर जाऊन काकाला फक्त सांगायचं होतं — काका, घोळ केला मी, तुझा राहिला. तो हसला असता. “कॉलेजात हेच शिकवतात काय?” म्हणाला असता. दुकानवाल्याला फोन केला असता, नाहीतर दुसरं कुठलंतरी पिवळं कापड घातलं असतं, आणि वर्षभर माझी चेष्टा केली असती. बस. एवढंच झालं असतं.

मी अंगणात गेलो. काका स्टुलावर चढून मांडवाला लाइटच्या माळा बांधत होता. तोंडात काळी चिकटपट्टी धरलेली. त्या सकाळी मांडवाला उंबराची फांदीही त्यानेच आणली होती. मला बघून त्याने चिकटपट्टी तोंडातून काढली.

“काय रं, काय पायजे?”

“काय नाय काका. आई विचारते, चहा घेणार का.”

“घेईन की. आन. साखर जास्त घाल म्हनावं, लगीनघर हाय.”

मी आत आलो. बाबांना म्हणालो, “नको म्हणतात. आग्रह करू नका म्हणाले.” मग आईकडून चहा घेतला, साखर जास्त घालून घेतली, आणि तो काकाला नेऊन दिला. त्याने स्टुलावरूनच वाकून कप घेतला. माझ्या केसांतून हात फिरवला. हाताला चिकटपट्टीचा वास होता.

हे आहे. हेच सांगायचं होतं. पहिलं खोटं घाबरून निघालं असं मी स्वतःला कधीकधी समजावतो. दुसऱ्याला काय म्हणू? चालत गेलो, बघितलं, बोललो, आणि चालत परत येऊन खोटं बोललो. अंगण केवढं मोठं? वीस पावलंही नसेल. तेवढ्यात मी ठरवलं.

आणि अजून एक. माझा सेट खाटेवरच होता. माझं माप तेच काकाचं माप. संध्याकाळी अंधार पडायच्या आत मी तो नेऊन काकाच्या हातात ठेवला असता तर कुणाला काही कळलंही नसतं. मी शर्ट घालून फिरलो असतो, भाऊ आहे नवरीचा, मला कोण ओळखत नव्हतं? मनात आलं नाही असं नाही. आलं. पण नवीन पनवेलहून कॉलेजचे मित्र येणार होते. त्यांच्यासमोर मला त्या सेटमध्ये दिसायचं होतं. मी इस्त्री करून घातला.

हळदीच्या संध्याकाळी काकाने आंघोळ केली आणि घरात थांबला. मला नंतर काकूच्या बोलण्यातून कळलं, तो बराच वेळ बनियनवर बसून होता. सेट येईल म्हणून. आला नाही. मग तो पांढरा हाफ शर्ट घालून आला आणि गाड्या लावायला मदत करू लागला. कुणाला काही म्हणाला नाही. मागायचं नसतं.

फोटोवाल्याने ओरडून सांगितलं, “कुर्तेवाले सगळे पुढे या, चला, कुर्तेवाले!” आम्ही सगळे ताईच्या मागे उभे राहिलो. काका बाजूला हॅलोजनची वायर हातात धरून उभा होता, कारण कुणाच्यातरी पायात येत होती. भावकीतल्या एकाने हाक मारली, “हरी, तू काय लाइटवाला हायस काय रं?” लोक हसले. काकाही हसला. तो असा हसला की — मला ते लिहिता येणार नाही. बाबा माझ्या शेजारी उभे होते. ते काकाकडे बघत होते, काका बाबांकडे बघत होता. एकाला वाटत होतं, ह्याने माझा मान नाकारला. दुसऱ्याला वाटत होतं, ह्याने मला भावकीतून काढलं. आणि दोघांच्या मधे मी होतो, इस्त्रीच्या कुर्त्यात. तो फोटो आमच्या पुढच्या खोलीत लावलेला आहे.

लग्नाला काका आला. अक्षता टाकल्या, ताईच्या डोक्यावर हात ठेवला, आणि न जेवता गेला. बाबा म्हणाले, “बघितलंस?”

त्या वर्षी काकाने वेगळा गणपती आणला.

आमच्याकडच्या लोकांना हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. घरं वेगळी होतात, चुली वेगळ्या होतात, पण गणपती मोठ्या भावाकडे एकच असतो. सगळे तिथे येतात. तो वेगळा झाला की मग काही उरत नाही. आमच्या गणपतीची आरास काका करायचा, दरवर्षी रात्रीच्या शिफ्टहून येऊन. आता आम्ही बाजारातून कापडाचं तयार मखर आणतो. संध्याकाळी दोन्ही घरांत एकाच वेळी आरती सुरू होते. अंगणापलीकडून काकाचा आवाज येतो. बाबांचा आणि त्याचा आवाज सारखाच आहे, जाडसर. पहिल्या वर्षी आरती म्हणताना बाबांचा आवाज मधेच खाली गेला. ते टाळ्या वाजवत राहिले, पण म्हणत नव्हते. ऐकत होते. मी शेजारी घंटा वाजवत होतो.

तेव्हा सांगायचं होतं. दिवाळीत सांगायचं होतं. बाबांचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि काका हॉस्पिटलच्या खाली येऊन, वर न येता, काकूला वर पाठवून उभा राहिला तेव्हा सांगायचं होतं. मी जिन्याच्या खिडकीतून त्याला बघितलं. तो वर बघत होता, पण चुकीच्या खिडकीकडे. मी किती वेळा ठरवलं हे सांगून काय उपयोग? ठरवणाऱ्याला कुणी बोलणारा म्हणत नाही. दर महिन्याला ते अवघड होत गेलं. आधी फक्त एक कुर्ता होता. आता कुर्त्याबरोबर गणपती होता, ऑपरेशन होतं, तीन वर्षं होती. ‘विसरलो’ म्हणायचं तर आता एवढं सगळं एकदम उचलावं लागणार होतं.

गेल्या आठवड्यात काकाच्या स्नेहाची हळद झाली. माझी धाकटी चुलत बहीण. बाबा ट्रेलर घेऊन गेले, गरज नसताना. आई एकटी जाऊन आली. मी घरात दार लावून बसलो होतो. बॅन्जो ऐकू येत होता.

पण त्याच्याआधी काय झालं ते सांगतो, मग थांबतो.

हळदीच्या चार-पाच दिवस आधी काकू आमच्याकडे आली. हातात ताट. नारळ, हळदकुंकू, आणि दोन सेट. एक बाबांचा, एक माझा. मोरपंखी कापडावर पांढरे बुट्टे. आईला म्हणाली, “पहिला मान मोठ्या घरचा, असं हे म्हनाले. दुसऱ्या कुनाकडं गेले नाय अजून.” आईचे डोळे भरले. तिने सेट देवासमोर ठेवले.

बाबा रात्री आले. त्यांनी ते बघितले, हात लावला नाही. म्हणाले, “त्याला आपला नको व्हता. मंग आपल्याला त्याचा कशाला?” आई काहीतरी बोलू लागली. बाबा माझ्याकडे वळले. “तू जा सकाळी. देऊन ये परत. त्याचा निरोप तूच आनला व्हतास ना? आता माझा ने.”

ते असं म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. खरोखर म्हणाले.

मी सकाळी दोन्ही सेट पिशवीत घालून अंगण ओलांडलं. काका ओटीवर बसला होता, पुढ्यात बाकीच्या घरांचे सेट घेऊन. पिशवी बघून त्याला कळलं असावं. त्याचा चेहरा एकदम लहान झाला. मी पिशवी खाली ठेवली. मी तोंड उघडलं — ह्या वेळी नक्की उघडलं होतं. पण काकाच आधी बोलला. त्याने मला, किंवा स्वतःला, सोडवायला विचारलं असेल.

“माप चुकलं काय रं?”

खोटं मला शोधावंही लागलं नाही. त्यानेच हातात दिलं.

मी म्हणालो, “हो काका. दोन्ही जरा लहान होतात.”

त्याने पिशवीतून माझा कुर्ता काढला. घडी मोडली. उभा राहून स्वतःच्या अंगाला लावला, बोटांनी खांद्यावर धरून, खाली मान घालून बघितला. बाही मनगटापर्यंत नेली. बरोबर बसत होती.  त्याने कुर्ता त्याच जुन्या घडीवर परत घातला, हाताने सपाट केला, आणि इतर सेटपासून वेगळा ठेवला.

मग आत बघून म्हणाला, “पोराला चहा टाक गं. साखर जास्त घाल.”

मी ओटीवर बसलो, आणि चहा पिऊन घरी आलो.